आदिस अबाबातले पहिले दोन दिवस: श्वास, नाक, जीभ आणि घड्याळ का गोंधळतात

मुंबईहून आदिस अबाबाला थेट विमानाने पाच-सहा तास लागतात. तेवढ्यात माणूस समुद्रकाठावरून उठून २,३३४ मीटर उंचीवरच्या विमानतळावर पोचलेला असतो. कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे बोले विमानतळाची धावपट्टी महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच शिखराच्याही जवळजवळ ७०० मीटर वर. इथिओपियाच्या या राजधानीत सुरुवातीला जे जे वेगळं वाटतं, त्यातलं निम्मं या एका आकड्यातून उलगडतं. उरलेल्यातलं बरंचसं दोन गोष्टींमुळे: शहर विषुववृत्तापासून फक्त ९ अंशांवर आहे, आणि तिथल्या ऑर्थोडॉक्स चर्चचं उपासांचं पंचांग आजही रोजच्या ताटावर सत्ता गाजवतं.

विरळ हवा

पहिला बदल विमानातच होतो, पण तो जाणवत नाही, हीच गंमत. उड्डाणात केबिनमधला हवेचा दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरच्या दाबाइतका ठेवतात. मुंबईत उतरताना हा दाब बराच वाढतो म्हणून कानात दडे बसतात. आदिसला मात्र बाहेरचा दाब जवळपास तेवढाच असल्याने कान शांत राहतात. नव्या विमानांत तर उतरता उतरता केबिनमधली हवा थोडी आणखी विरळ होते. परतीच्या प्रवासात याची भरपाई होते. सर्दी घेऊन मुंबईत उतरलात तर कान दुखतो, तेव्हा उतरायला सुरुवात होण्याआधीच गोळ्या-च्युइंगम तोंडात ठेवा.

इथला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण तीन चतुर्थांश आहे. दर श्वासाला ऑक्सिजन पावपट कमी मिळतो. सपाट रस्त्यावर चालताना हे कळत नाही. सामान घेऊन दोन मजले चढलात की छाती धपापते. हलकी डोकेदुखी, तुटक झोप, वारंवार लघवी आणि सकाळी कोरडं नाक ही पहिल्या दोन दिवसांची नेहमीची लक्षणं. बहुतेकांना गोळी लागत नाही. पाणी जास्त, दारू कमी, पहिल्या रात्री हलकं जेवण आणि दुसऱ्या दिवशी दमाने हिंडणं पुरतं. चूक होते ती उत्साहात. पहिल्याच सकाळी शहराच्या उत्तरेचा एन्तोतो डोंगर गाठायचा बेत ठरतो, आणि तो ३,००० मीटरच्या वर आहे. तो तिसऱ्या-चौथ्या दिवसासाठी ठेवा. हृदयाचा, फुप्फुसांचा किंवा रक्तक्षयाचा त्रास असेल तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरांशी बोला.

बॅग उघडली की घरून नेलेली चिवड्याची पाकिटं टम्म फुगलेली दिसतील आणि शॅम्पूच्या बाटलीचं झाकण उघडताच चिळकांडी उडेल. खाली भरलेल्या हवेला वर कमी दाब मिळाला की ती पसरते. पोटातली हवाही हाच नियम पाळते. पहिल्या रात्री डाळी आणि आंबवलेली भाकरी भरपूर खाल्ल्यावर पोट गच्च होतं, त्याचा सगळा दोष स्वयंपाकाला देऊ नका.

पाणी इथे साधारण ९२ अंशांना उकळतं. पिशवी बुडवून केलेला चहा म्हणूनच फिका लागतो. ती दुप्पट वेळ ठेवायची, एवढाच उपाय. खोलीत वरण-भात करायचा विचार असेल तर कुकरशिवाय डाळ शिजायची वाट बघत बसावं लागेल.

उन्हाचंही तसंच. डोक्यावरची हवा विरळ आणि सूर्य जवळजवळ माथ्यावर, त्यामुळे दुपारी उन्हात मान भाजते. पण त्याच क्षणी सावलीत गेलात तर स्वेटर शोधता. कोरड्या, विरळ हवेत उष्णता टिकत नाही. दिवसा २० ते २५ अंश, रात्री १० च्या आसपास, ऑक्टोबर ते डिसेंबरच्या रात्री त्याहून थंड. घरांत आणि साध्या हॉटेलांत हीटर क्वचितच असतो. 'आफ्रिका म्हणजे उकाडा' असं समजून नुसते सुती कपडे नेणारे पहिल्या रात्री टॉवेल पांघरतात. जून ते सप्टेंबर हा मोठ्या पावसाचा काळ, अधूनमधून गाराही पडतात. तेव्हा जाकीट आणि छत्री दोन्ही लागतात. आणि ढगाळ दिवशीही सनस्क्रीन, कारण दर हजार मीटरला अतिनील किरणं दहा टक्क्यांहून अधिक वाढतात.

या उंचीचा एक फायदा म्हणजे शहरात मलेरिया नाही. सुमारे २,००० मीटरच्या खाली, म्हणजे दरीत किंवा दक्षिण-पश्चिमेकडे उतरणार असाल तर मात्र मच्छरदाणी आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या हव्यात. पीतज्वराची लस वेगळी गोष्ट. इथिओपिया भारत सरकारच्या पीतज्वराच्या यादीत आहे, त्यामुळे परतताना भारतात प्रमाणपत्र मागतात. लस अधिकृत केंद्रातच मिळते, प्रमाणपत्र १० दिवसांनी लागू होतं आणि पुढे आयुष्यभर चालतं. ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लोक जाताना हे विसरतात, कारण जाताना फारसं कुणी अडवत नाही.

नाकाला काय येतं

विमानातली हवा इतकी कोरडी असते की उतरल्यावर तासभर नाक अर्धवटच काम करतं. खरा वास हॉटेलातून बाहेर पडल्यावर येतो. धूर, पण ओळखीच्या लाकडाचा नाही. त्यात सर्दीत घेतलेल्या वाफेची झाक असते. ही निलगिरी. आदिस अबाबा १८८६ साली वसलं आणि काही वर्षांतच आजूबाजूचं जंगल चुलींत गेलं. राजधानी हलवायची वेळ आली होती. दुसऱ्या मेनेलिक सम्राटाच्या काळात, १८९० च्या दशकात, ऑस्ट्रेलियाचं हे भराभर वाढणारं आणि तोडलं तरी बुंध्यातून पुन्हा फुटणारं झाड लावलं गेलं आणि शहर जागेवर राहिलं. एन्तोतोच्या उतारावर आजही निलगिरीच निलगिरी आहे. तिची पानं-फांद्या भाकरीच्या चुलीत जळतात. डोंगरावरून पाठीवर प्रचंड मोळ्या घेऊन उतरणाऱ्या बायका दिसतात, त्या मोळ्या याच फांद्यांच्या.

दुसरा थर डिझेलचा. विरळ हवेत जुन्या इंजिनांना पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही, इंधन नीट जळत नाही आणि चढावर काळा लोट सुटतो. २०२४ पासून पेट्रोल-डिझेलच्या खासगी गाड्यांची आयात बंद झाल्याने विजेच्या गाड्या वाढत आहेत, तरी जुन्या मिनीबस आहेतच. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी संध्याकाळच्या गर्दीत मास्क लावावा.

तिसरा वास धुपाचा. इथिओपियाच्या उत्तरेत आणि वायव्येत 'बॉसवेलिया पॅपिरिफेरा' नावाच्या झाडाला चिरा देऊन डिंक काढतात. चर्चपासून कॉफीच्या टपरीपर्यंत तोच जळतो. मेळघाटातली सालई याच कुळातली, त्यामुळे विदर्भातल्या माणसाला हा वास चटकन जवळचा वाटतो.

यातला प्रत्येक वास दोन-तीन दिवसांत विरून जाईल. वास कमी झालेला नसतो. एकसारखा येत राहणारा वास कळवणं नाक आपणहून बंद करतं. लिहायचं, नोंदवायचं असेल तर पहिल्या दिवशीच. त्यानंतरच्या नोंदीत निलगिरी सापडत नाही, असा अनुभव सगळ्यांचाच आहे.

आता कॉफी. तिचा वास आधी, चव खूप नंतर. हिरव्या बिया धुतात, कोळशावर लोखंडी तव्यात भाजतात आणि तेल सुटून धूर यायला लागला की तो तवा पाहुण्यांसमोरून फिरवतात. धूर हाताने स्वतःकडे ओढून घ्यायचा, ही दाद. मग उखळात कुटून मातीच्या लांब मानेच्या 'जेबेना'त उकळतात, गाळ बसू देतात आणि कान नसलेल्या छोट्या 'सिनी' कपांत उंचावरून ओततात. सोबत लाह्या किंवा भाजलेलं जव. जमिनीवर ताजं गवत अंथरलेलं असेल तर त्याचाही ओला वास यात मिसळतो. काही ठिकाणी कपात सतापाची काडी बुडवतात. एकदा घेऊन पाहावी, कडवट सुगंध कॉफीला शोभतो. फेऱ्या तीन: अबोल, तोना, बेरेका. तिन्ही त्याच चोथ्यावर पुन्हा पाणी घालून, त्यामुळे पहिली सगळ्यात कडक आणि तिसरी पाणचट. झोपेची काळजी असेल तर पहिली अर्धी घ्या आणि पुढच्या दोन पूर्ण. लोक उलट करतात: पहिली आवडली म्हणून दोनदा मागतात, आणि आधीच उंचीमुळे तुटलेली झोप पार उडते. या सगळ्याला तास-दीड तास लागतो. घाई असेल तर बोलावणं स्वीकारूच नका. पहिल्या कपानंतर उठणं चांगलं दिसत नाही. रस्त्यावर उभ्याने प्यायची तर माकियातो आहे, इटालियनांनी मागे ठेवलेली आणि खरोखर उत्तम.

जिभेवरची कसोटी

इंजेरा या तिथल्या आंबवलेल्या भाकरीला 'आफ्रिकी डोसा' म्हणून आपण मोकळे होतो आणि तिथेच फसतो. डोसा तव्यावरून गरम येतो, कुरकुरीत असतो. इंजेरा गार, मऊ आणि ओलसर असते. पहिल्या स्पर्शाला मराठी हात दचकतो, शिळी तर नाही ना अशी शंका येते. शिळी नसते. टेफ नावाच्या बारीक, मिलिमीटरभरही नसलेल्या दाण्याचं पीठ दोन-तीन दिवस आंबवतात. विरजण म्हणून मागच्या घाण्यावर साचलेलं पिवळट पाणी, 'एर्शो', घालतात. आंबलेल्या पिठातला थोडा भाग पाण्यात शिजवून परत मिसळतात, त्याने भाकरी लवचीक होते. मग अर्ध्या मीटरहून मोठ्या तव्यावर पीठ बाहेरून आत गोल ओतून झाकण ठेवतात. भाकरी उलटत नाहीत, म्हणून खालची बाजू गुळगुळीत आणि वरची भोकाभोकांची. ही भोकंच रस्सा धरून ठेवतात. गरम असताना थप्पी लावली तर त्या एकमेकींना चिकटतात आणि फाटतात, म्हणून गार करून, दोन-तीन दिवसांच्या एकदम करून ठेवतात.

आंबटपणा खटकत असेल तर पांढऱ्या टेफची मागा, ती सौम्य असते. तांबड्या टेफची चव खोल आणि मातकट. शुद्ध टेफमध्ये ग्लुटेन नसतं, पण स्वस्त इंजेरात गहू-जव मिसळतात, तेव्हा ज्यांना गहू वर्ज्य आहे त्यांनी विचारल्याशिवाय खाऊ नये. आणि पोळीच्या हिशोबाने खाऊ नका. अर्धी झाली की थांबा, पंधरा मिनिटांनी ती पोटात बसते.

शाकाहारी मराठी माणसाला या देशात पहिला धक्का डोळ्यांचा बसतो. खाटकाच्या दुकानातच हॉटेल असतं, मोठे तुकडे टांगलेले असतात आणि लोक कच्चं मांस आवडीने खातात. पण दुसरीकडे जगातली फार थोडी राष्ट्रं शाकाहाऱ्याला इतकी सोयीची आहेत. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन बुधवारी आणि शुक्रवारी उपास करतात. शिवाय ईस्टरआधीचे ५५ दिवस, ऑगस्टमधले १५ आणि नाताळाआधीचे सहा आठवडे. सामान्य माणसाचे सगळे मिळून वर्षाला १८० च्या आसपास दिवस होतात. या उपासाला मांस, अंडी, दूध, तूप काहीच चालत नाही. 'येत्सोम बेयायनेतू' मागितलं की एका मोठ्या इंजेरावर मसुराची तिखट आमटी, हळद घातलेली वाटाण्याची डाळ, पालेभाजी, बटाटा-गाजर-कोबी आणि शिरो वाढून येतं. शिरो म्हणजे हरभऱ्याच्या किंवा वाटाण्याच्या पिठाचं, मसाला घालून रटरटवलेलं. पिठल्यावर वाढलेल्या माणसाला तिथेच घर सापडतं.

अडचणी ठरलेल्या आहेत. मासा अनेकजण उपासाला चालवतात, त्यामुळे ताटात तो येऊ शकतो. त्याला 'असा' म्हणतात. उपास नसलेल्या दिवशी शिरोत मसालेदार लोणकढं लोणी पडतं, ते शाकाहाऱ्याला चालतं, व्हीगनला नाही. 'बोझेना शिरो' मांसाचा असतो. आणि सगळ्यात फसवा काळ म्हणजे ईस्टरनंतरचे ५० दिवस. तेव्हा बुधवार-शुक्रवारचाही उपास नसतो, छोट्या खाणावळी उपासाचं शिजवतच नाहीत, आणि 'काल मिळालं होतं की' म्हणून चालत नाही. त्या काळात मोठ्या हॉटेलांवर किंवा शिरोवर भिस्त ठेवा. बेर्बेरे मसाल्याचा तिखटपणा कोल्हापूरकराला त्रास देणार नाही. त्यातला कोरेरिमा, म्हणजे तिथली मोठी वेलची, मात्र जिभेवर रेंगाळते.

जेवतात उजव्या हाताने, आधी हात धुऊन. इथवर सगळं आपलं. पुढे मात्र चारजण एकाच ताटात. उष्टं-खरकटं मानणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाचा हात क्षणभर थबकतो. नियम असा की आपल्या बाजूचंच खायचं, पलीकडे हात न्यायचा नाही. मग यजमान घास करून थेट तुमच्या तोंडात भरवतो. याला 'गुर्शा' म्हणतात, आणि घास जितका मोठा तितकी माया जास्त. एक तरी घ्या. भरवणाऱ्याच्या बोटांना ओठ लावू नका, आणि जमलं तर परत एक भरवा.

कान

निळ्या-पांढऱ्या मिनीबसच्या दारात लोंबकळणारा पोऱ्या, 'वेयाला', ठिकाणाचं नाव तीन-तीनदा ओरडतो: बोले बोले बोले, मेक्सिको मेक्सिको. मेक्सिको हा चौक आहे. इटलीने देश गिळला तेव्हा मेक्सिकोने ते मान्य केलं नाही, त्याची ही आठवण. उतरायचं असेल तर 'वराज अले'.

अम्हारिक ऐकताना शब्दांमध्ये टिचक्या वाजल्यासारखं वाटतं. त, क, च यांचे काही उच्चार घसा क्षणभर बंद ठेवून, तोंडात अडकलेली हवा फट्‌कन सोडून करतात. मराठी कान त्यांना ट किंवा क्क समजतो. ते न जमल्याने कुणी रागावत नाही. मात्र समोरचा माणूस तुमचं बोलणं ऐकता ऐकता एकदम श्वास आत ओढेल, दचकल्यासारखा. तो दचकलेला नसतो, 'हो' म्हणत असतो. नवखे इथे वाक्य अर्धवट सोडतात आणि 'काय झालं?' विचारतात.

मिनीबसमधलं गाणं ओळखीचं वाटून नाव सुचत नसेल तर त्यालाही कारण आहे. तिथल्या संगीताचे मुख्य साचे पाच स्वरांचे. तिझिता नावाच्या साच्याचा शुद्ध स्वरांचा प्रकार म्हणजे सा रे ग प ध, भूपाचेच स्वर. चलन आणि ठेका वेगळा, म्हणून भूप वाटता वाटता तो निसटतो.

रात्री मात्र तयारी हवी. पहाटेच्या खूप आधी चर्चचे भोंगे सुरू होतात, सणाला रात्रभर चालतात, त्यात मशिदींची अजान. शहराच्या कडेला राहात असाल तर तरसांची लांबलचक हाकही ऐकू येते; ते ठिपकेवाले तरस, आपल्याकडच्या पट्टेरी तरसापेक्षा फार बोलके. खोली ठरवताना चर्च कोणत्या बाजूला आहे ते विचारा आणि कानात घालायचे बोळे न्या.

रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघा, वाहनं उजव्या बाजूने चालतात. वीज २२० व्होल्ट, मोबाइलचा दोन पिनांचा चार्जर चालतो, आपला तीन पिनांचा प्लग बसत नाही. भेटताना हात मिळवून उजवा खांदा खांद्याला टेकवतात, मान द्यायचा तर डाव्या हाताने आपलाच उजवा हात धरतात. वयस्कर माणसं भारतीय दिसलात की शाळेतल्या गणिताच्या मास्तरांची आठवण काढतील. सम्राट हैले सेलासी यांच्या काळात भारतातून पुष्कळ शिक्षक तिथे गेले होते. त्या वयस्करांना मलिक अंबरची गोष्ट सांगा. इथिओपियात जन्मून, गुलाम म्हणून विकला जाऊन निजामशाहीचा कर्ताधर्ता झालेल्या आणि आजच्या छत्रपती संभाजीनगरचं मूळ खडकी वसवणाऱ्या या माणसाबद्दल तिथे आपल्याइतकं बोललं जात नाही.

घड्याळ

आदिस भारताच्या अडीच तास मागे आहे. हे सोपं. अवघड पुढे आहे: स्थानिक लोक दिवस मध्यरात्रीपासून मोजत नाहीत, पहाटे ६ पासून मोजतात. आपले सकाळचे ७ म्हणजे त्यांचा १, आपले ९ म्हणजे ३, दुपारचे १२ म्हणजे ६. संध्याकाळी ६ ला पुन्हा शून्यापासून सुरुवात. विषुववृत्ताजवळ वर्षभर दिवस-रात्र जवळपास १२-१२ तासांचे, आणि सूर्य साधारण सहा ते पावणेसातच्या दरम्यानच उगवतो. अशा ठिकाणी ही पद्धत पूर्णपणे व्यवहारी आहे. काट्यांचं घड्याळ असेल तर तास-काट्याच्या नेमक्या समोरचा आकडा वाचायचा, झालं रूपांतर.

घोटाळे ठरलेले. दुकानाच्या दारावर २:३० ते ११:३० लिहिलेलं असतं. ते दुपारी अडीचला उघडत नाही, सकाळी साडेआठला उघडतं आणि संध्याकाळी साडेपाचला बंद होतं. लांबच्या बसवाला 'लेलित ११' सांगतो. लेलित म्हणजे रात्र, म्हणून प्रवासी रात्री अकराला आरामात पोचतो. बस पहाटे ५ ची असते. विमानाची तिकिटं, बँका आणि मोठी हॉटेलं जगाचं घड्याळ वापरतात. टॅक्सीवाला, डॉक्टरची वेळ देणारा मदतनीस आणि घरी जेवायला बोलावणारा बहुधा स्थानिक.

तारखेचं वेगळं प्रकरण. वर्षात ३० दिवसांचे १२ महिने आणि पागुमे नावाचा ५ किंवा ६ दिवसांचा तेरावा. नवं वर्ष ११ सप्टेंबरला, कधी १२ ला, आणि सन आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे. ११ सप्टेंबर २०२५ ला तिथे २०१८ सुरू झालं. पावतीवर जुनं साल दिसलं तर ती तुमचीच पावती आहे. स्थानिक मालावरची मुदत वाचतानाही कोणतं पंचांग आहे ते पाहा, नाहीतर चांगला माल टाकून द्याल.

कुणी वेळ दिली की 'हबेशा वेळ की फेरेंज वेळ?' एवढं विचारायचं. हबेशा म्हणजे तिथले लोक, फेरेंज म्हणजे परदेशी. उत्तर मिळाल्यावर ती वेळ 'सकाळी उजाडल्यावर तीन तासांनी ना?' अशी उलटून बोलून घ्या, आणि गाडी ठरवणार असाल तर चालकाला तुमच्या मोबाइलवरचा आकडा दाखवा.